आजीच्या डब्यात निघालेले चांदीचे रुपये: किंमत नक्की कशावर ठरते?

वाईची_नीता
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आमची आजी गेली. तिची ट्रंक आवरताना तळाशी लुगड्याच्या घडीत एक पितळी डबा निघाला आणि त्यात चांदीचे ४२ रुपये. राणी छाप, राजा छाप सगळे मिसळून. आत्या म्हणते की आजीला हे तिच्या सासूने दिलेले. बाबांनी त्यातला एक गावातल्या सराफाला दाखवला तर त्याने काट्यावर टाकला, मोडीचा भाव लावला, घट काढली आणि म्हणाला सगळे घेऊन या, एकदमच हिशेब करू. इकडे भाऊ मोबाईलवर दाखवतो की असाच राणीचा रुपया कोणीतरी ३ लाखाला विकायला ठेवलाय. आता मोडीचा भाव आणि ३ लाख, यातलं खरं काय धरायचं? विकायचेच आहेत असं नाही पण बाबा आणि आत्यांमध्ये वाटणी व्हायचीय, त्यामुळे निदान कुठला रुपया काय आहे ते तरी कळायला हवं.

सगळे काळे पडलेत. आई म्हणते आधी रिठ्याच्या पाण्यात घासून लख्ख करू आणि मग फोटो काढ. उद्या काढून टाकते.

कलदार
नीताताई, आजी गेल्याचं वाचून वाईट वाटलं. पण आईंना आधी थांबवा, कृपा करून! रिठे, चिंच, टूथपेस्ट, रांगोळी, राख, काहीही लावू नका. आहेत तसे काळे फोटो काढा. नाणं हातात धरायचं ते कडेने, चेहऱ्यावर बोट नको. बाकी सविस्तर रात्री लिहितो.

निशिगंध
कलदारदादांना अनुमोदन. हे मी करून बसलेय म्हणून सांगते. माझ्या सासऱ्यांचा एक १९०३ चा रुपया होता, एडवर्डचा, जवळजवळ न वापरलेला, निळसर जांभळट झाक आलेला. दिवाळीला मी तो भांडी घासायच्या पावडरीने घासला, आरशासारखा झाला, मला केवढा आनंद. नंतर पुण्यात एका प्रदर्शनात एका जाणत्या गृहस्थांना दाखवला तर त्यांनी भिंगाखाली धरून मलाच बघायला दिला. राजाच्या गालावर, मागच्या मोकळ्या जागेत, सगळीकडे केसासारखे बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने, जसा माझा हात फिरला तसे. ते म्हणाले, वहिनी, काल आला असतात तर हा माझ्या संग्रहात गेला असता, आता याची चांदी तेवढी राहिली. घरी आल्यावर मी सासऱ्यांना सांगितलंच नाही, सांगवेनाच.

कलदार
आता सविस्तर. माझं मत आधीच सांगतो म्हणजे गोंधळ नको: चांदीचा भाव ही फक्त जमीन आहे, त्याच्या खाली नाणं जाणार नाही. त्यावर मजला चढतो तो, त्या वर्षाची, त्या टांकसाळीची, तशा अवस्थेतली नाणी आज किती उरलीत आणि ती हवी असणारे किती आहेत, यावर. जुनेपणावर चढत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची तांब्याची नाणीसुद्धा शेदोनशेत मिळतात.

आधी जमीन मोजू. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया केला, वजन १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा. आपला तोळा आणि हा रुपया एकच वजन, म्हणून जुन्या सराफांकडे वजनाला रुपयेच वापरायचे. कस ११/१२ म्हणजे ९१.७ टक्के. हिशेब केला तर शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. झिजलेला असेल तर थोडी कमी. १८३५ पासून १९३९ पर्यंत हेच. १९४० पासून मात्र सरकारने चांदी ५० टक्क्यांवर आणली, बाकी ४० टक्के तांबं आणि ५-५ टक्के निकेल आणि जस्त, आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा, वाघाचा. तेव्हा सराफाने सगळे एका भावाने धरले असतील तर ते काही बरोबर नाही, सहाव्या जॉर्जचे १९४० ते ४५ चे वेगळे काढा, त्यात चांदी जवळजवळ निम्मी. आणि जे ९१.७ चे आहेत त्यांना तो ५० चा भाव लावत नाहीये ना तेही बघा. टंच, म्हणजे चांदीचा कस, काढून दाखवा म्हणायचं सरळ.

किती पाडले याचे आकडे पुस्तकात मिळतात पण त्यावर विसंबू नका, उरले किती हे महत्त्वाचं. व्हिक्टोरियाचे रुपये १ एप्रिल १९४१ पासून चलनातून बाद झाले, एडवर्डचे १९४२ ला, आणि पाचव्या सहाव्या जॉर्जचे जुन्या कसाचे १९४३ ला. म्हणजे तोवर सरकारी खजिन्यात जे परत आले ते वितळले. जे लोकांनी दिलेच नाहीत, डब्यात, भिंतीत, धान्याच्या कणगीत ठेवले, तेच आज आहेत. तुमच्या पणजीने तेव्हा बदलून घेतले नाहीत म्हणून हे ४२ उरले. हे मला फार मोलाचं वाटतं, किंमत काहीही येवो.

ठाणेकर_८१
म्हणजे जितके कमी पाडले तितकी किंमत जास्त असं सरळ गणित नाही का?

कलदार
नाही ना. दोन उदाहरणं देतो, दोन्ही राजांची.

१९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावर जी पदकांची माळ आहे त्यात एक हत्ती आहे, पण साचा कोरणाऱ्याने सोंड आखूड केली आणि तो डुकरासारखा दिसायला लागला. लोकांत ओरड झाली, हिंदू मुसलमान दोघेही भडकले, सरकारने नाणं मागे घेतलं, ९४ लाखांच्या आसपास पाडले होते त्यातले ७ लाखांच्या आसपास बाहेर गेलेले, बाकीचे वितळले. १९१२ पासून सोंड नीट लांब केली. एवढी गोष्ट ऐकून वाटतं लाखोंचं नाणं असणार. पण ७ लाख बाहेर गेले आणि लोकांनी गोष्टीपायी ते जपून ठेवले, त्यामुळे आजही प्रत्येक प्रदर्शनात दिसतो. साध्या रुपयापेक्षा नक्कीच जास्त, लाखोंचा मुळीच नाही.

दुसरं, १९३९ चा सहाव्या जॉर्जचा. जुन्या कसाचा शेवटचा रुपया, मुंबई टांकसाळीत पाडला पण बाहेर जवळजवळ आलाच नाही. याच्यामागे ना डुक्कर ना आंदोलन, तरी संग्राहक वर्षानुवर्षं वाट बघतात. म्हणूनच याची नकली नाणी सगळ्यात जास्त, दुसऱ्या वर्षाचा आकडा कोरून ९ केलेली सुद्धा. तुमच्या डब्यात १९३९ दिसला तर उड्या मारण्याआधी जाणकाराला दाखवा.

आणि उलट टोक म्हणजे १९१८. पहिलं महायुद्ध, सैन्याचा खर्च, मालाची खरेदी, लोक कागद घ्यायला तयार नाहीत, चांदीचा तुटवडा एवढा की १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची नोट काढावी लागली. मग अमेरिकेने १९१८ च्या कायद्याने आपले चांदीचे डॉलर वितळवून २० कोटी औंस चांदी इंग्रजांना विकली ती इकडे आली. १९१८ एका वर्षात कलकत्ता मुंबई मिळून ४० कोटींच्या वर रुपये पाडले. तुमच्या डब्यात १९१६ ते २० चे बरेच निघतील, खात्रीने सांगतो, आणि १९१८ पासूनच्यांत वितळलेला अमेरिकन डॉलर असू शकेल. पण झिजलेला असेल तर किंमत चांदीच्या थोडी वर, बस. त्याच पाचव्या जॉर्जचे १९२१ आणि २२ चे मात्र खूप कमी पाडलेले, ते बाजूला ठेवा.

वाईची_नीता
बाप रे, किती माहिती. आईने रिठे परत डब्यात ठेवलेत 🙏

आज दुपारी मी आणि आत्याने बसून वेगळे केले. यादी अशी: १८४० चे २, १८६२ चे ६, राणीचेच पण १८७८ ते १९०० मधले ९, बिनमुकुटाच्या राजाचे १९०३ ते १९०७ मधले ७, १९११ चा १ (!!), १९१२ ते १९२० चे १३, १९४० नंतरचे ३. हे झाले ४१. एक वेगळाच आहे, जाड, वेडावाकडा, त्यावर उर्दूसारखी अक्षरं, राजाबिजा काही नाही, कडेला दोन तीन टोचे मारलेत. आणि १९०६ च्या एकाला वर कडी लावलीय डाग देऊन, आजी तरुणपणी गळ्यात घालायची म्हणे.

प्रश्न: १८६२ चे सहा कसे काय? एकाच वर्षाचे इतके?

कलदार
हा प्रश्न विचारलात म्हणजे तुम्हाला आवड लागणार बघा.

ते सहा एका वर्षाचे नाहीत. कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं तेव्हा १८६२ चा साचा झाला, आणि पुढे १८७४ पर्यंत तारीख बदललीच नाही. प्रत्येक वर्षी पाडले पण आकडा १८६२ च. मुंबई टांकसाळीने मात्र हिशेबासाठी तारखेच्या आसपास बारीक ठिपके द्यायला सुरुवात केली, ठिपक्यांच्या संख्येवरून खरं वर्ष ओळखतात. मागची बाजू वर करा, भिंग घ्या, तारखेच्या खाली आणि वर ठिपके मोजा. काहींत नुसते खाली असतील, काहींत वर पण. एकही नसेल तर बहुधा कलकत्ता. शिवाय राणीच्या अंगावरच्या कपड्याची नक्षी दोन प्रकारची, मागच्या फुलांची दोन प्रकारची, यांच्या जोड्या जुळवून संग्राहक पानंच्या पानं भरतात. काही जोड्या कुठेही मिळतात आणि काही ठिपक्यांसाठी लोक जीव टाकतात. सराफाच्या काट्यावर सहाही सारखेच.

१८४० चं पण तसंच, तो आकडा १८६१ पर्यंत चालला. राणीच्या डोक्यावरून नाव सलग गेलंय की दोन बाजूंना तोडून लिहिलंय ते बघा, सलग तो आधीचा.

१८७४ पासून मात्र खरी वर्षं येतात, आणि १८७७ पासून नाण्यावर राणी सम्राज्ञी झाली. मुंबईच्या काही नाण्यांवर मागे तळाच्या नक्षीत बारीक 'बी' असतो, पाचव्या जॉर्जला तळाच्या कमळाखाली ठिपका. एकाच वर्षाचा कलकत्त्याचा साधा आणि मुंबईचा दुर्मिळ, किंवा उलट, असं बऱ्याचदा होतं, म्हणून टांकसाळ बघितल्याशिवाय किंमत बोलूच नये.

बापू_चांदवड
नीताताई तो वेडावाकडा रुपया जपा. उर्दू नाही ती फारसी. मराठेशाहीतले रुपये बादशहाच्याच नावाने पाडायचे, राज्य कोणाचंही असो. आमच्या चांदवडला होळकरांची टांकसाळ होती, चांदवडी रुपया तिथला, पुण्याकडचा अंकुशी, त्यावर अंकुशाची खूण असते. साचा मोठा आणि चकती लहान, वरून हातोडा, त्यामुळे अर्धीच अक्षरं उमटायची. यात किंमत ठरते ती नेमकं काय उमटलंय त्यावर. टांकसाळीचं नाव, साल आणि खूण तिन्ही चकतीवर आली असतील तर त्याला वेगळाच भाव, नुसतं बादशहाचं अर्धं नाव असेल तर कमी. कडेचे टोचे सराफांचे, आत तांबं नाही ना बघायला मारलेले. तेव्हा प्रत्येक गावचा रुपया वेगळा, एका पेठेतून दुसरीकडे गेलात की सराफ बट्टा कापून घ्यायचा, आपण नावाला बट्टा लागला म्हणतो ते तिथलंच.

टोच्यांनी संग्राहकाची किंमत उतरते हे खरंय. पण मला स्वतःला टोचलेलं नाणं आवडतं, किती हातांतून गेलं ते त्यावर लिहिलेलं असतं. दोन्ही बाजूंचा फोटो टाका, तिरक्या उजेडात.

गोंयकार
गोव्यात आमच्याकडे पोर्तुगीज रुपिया असायची, लुईस राजाची १८८१ ची, नंतर कार्लोसची, नंतर १९१२ ची रिपब्लिकची. वजन आणि कस इंग्रजी रुपयाएवढाच ठेवलेला, म्हणजे बाजारात दोन्ही चालावीत. म्हणजे चांदी तितकीच. पण पाडल्या फार थोड्या, आणि घेणारे आपल्याकडचेही आणि पोर्तुगालचेही, त्यामुळे बरी राहिलेली रुपिया इंग्रजी रुपयाच्या कितीतरी वर जाते. मागणी किती ठिकाणांहून येते ते पण धरायला हवं असं सांगायचं होतं.

ठाणेकर_८१
अवस्था अवस्था म्हणता ती ओळखायची कशी? मला तर सगळे सारखेच काळे दिसतात.

कलदार
राजा जिथे सगळ्यात उंच उठलाय तिथे आधी झिजतो, तिथे बघायचं. राणीची भुवई, केसांच्या बटा, मुकुटातले खडे. पाचव्या जॉर्जचा कान, मिशी, मुकुटाचे मणी आणि छातीवरचा तो हत्ती. कानाची पाळी सपाट झालीय म्हणजे खूप हातांतून गेलाय. कानाच्या आतली वळणं दिसतात म्हणजे चांगला. आणि सगळ्यात वर ते, जे पोतडीतून थेट कोणाच्या डब्यात गेले, वापरलेच नाहीत. त्यांवर टांकसाळीची चमक असते. साचा दाबताना चांदी मधून कडेकडे वाहते, तिच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा राहतात, नाणं दिव्याखाली हळू तिरकं फिरवलंत की उजेडाचं एक चक्र नाण्यावर फिरताना दिसतं. काळ्या थराखाली सुद्धा दिसतं. निशिगंधताईंची पावडर फिरली ती याच रेघांवरून, आणि त्या परत आणता येत नाहीत. पॉलिश केलेलं नाणं चकाकतं पण हे चक्र फिरत नाही, जाणकार पहिल्या सेकंदात ओळखतो.

फरक किती पडतो? अगदी साध्या वर्षाचा रुपया, झिजलेला असेल तर चांदीच्या आगेमागे, आणि तोच न वापरलेला मूळ चमकेचा असेल तर कित्येक पट. दुर्मिळ वर्ष असेल तर विचारूच नका. म्हणून महागडी नाणी लोक अमेरिकेतल्या एनजीसी, पीसीजीएस सारख्या कंपन्यांकडून पेटीबंद करून घेतात, ते अस्सल आहे आणि दर्जा काय हे लिहून देतात, घासलेलं असेल तर तेही लिहितात. साध्या नाण्यांना तो खर्च करू नका, नाण्यापेक्षा पेटी महाग पडेल.

कडी लावलेल्याबद्दल: डाग दिला की संग्राहकासाठी संपलं, वाईट वाटून घेऊ नका. कडी काढली तरी खूण राहते.

मंदार_एडिसन
मी न्यू जर्सीत असतो, माझ्याकडेही आईच्या बाजूचे असे १५-१६ रुपये येणार आहेत, पुढच्या ट्रिपला घेऊन यायचा विचार होता. काही प्रॉब्लेम?

कलदार
हो आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांच्या वरचं नाणं ही पुरावस्तू, देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जचे हे सगळे रुपये त्यात आले. इथेच ठेवा कोणाकडे तरी. आणि अजून एक, घरात वारशाने आलेलं वेगळं आणि जमिनीत पुरलेलं सापडलं तर ते वेगळं, त्याला १८७८ चा कायदा लागतो, कलेक्टरला कळवावं लागतं.

निशिगंध
नीता, भावाने दाखवलेली ती ३ लाखाची जाहिरात, त्यावर फोन नका करू हं. माझ्या चुलतमामांनी केला होता. समोरचा म्हणाला तुमचं नाणं ५ लाखाला घेतो, रिझर्व्ह बँकेत नोंदणी करावी लागेल त्याची फी पाठवा, मग जीएसटी, मग कुरिअरचा विमा, असं करत करत मामांचे बरेच पैसे गेले आणि नंबर बंद. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये स्वतः जाहीर केलंय की असल्या व्यवहारात त्यांचा काही संबंध नाही आणि ते कसलीही फी घेत नाहीत.

कलदार
शंभर टक्के. आणि मागितलेली किंमत ही किंमतच नव्हे, विकली गेली ती किंमत. मुंबईतल्या लिलाव कंपन्यांचे झालेल्या लिलावांचे आकडे नेटवर बघायला मिळतात, तिथे तसाच रुपया, तीच टांकसाळ, तसाच दर्जा शोधा. १६१६ किंवा १८१८ चा कंपनीचा रामदरबार, हनुमान असलेला, तांदूळ चुंबकासारखे ओढतो असं सांगून खपवतात तो शिक्का कोणी दाखवला तर तिथून निघा, कंपनीने रामदरबाराची, हनुमानाची अशी नाणी कधीच पाडली नाहीत.

वाईची_नीता
सगळ्यांचे खूप आभार. अपडेट देते.

१८६२ च्या सहापैकी दोनांवर एकही ठिपका नाही, बाकी चारांवर आहेत, भाऊ मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोजत बसलाय, रात्रीचं जेवण पण विसरला. १९११ वाल्यावर हत्ती खरंच डुकरासारखा दिसतो, आत्या तर बघून हसतच सुटली, आजी गेल्यापासून पहिल्यांदा हसली. फारसीवाल्याचे फोटो बापूंसाठी खाली टाकलेत. १९४० नंतरचे तीन वेगळ्या पाकिटात. वाटणीचं असं ठरलंय की आता काहीच विकायचं नाही, आधी प्रत्येकाची नोंद करायची, मग बघू.

एकच अडचण आहे. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला आजी यातला एक रुपया काढून दुधाने धुवून हळदकुंकू लावून ताटात ठेवायची. आईला ते चालू ठेवायचंय, आणि मला आता धुणं म्हटलं की धस्स होतं.

कलदार
अहो पूजेला १९१८ चा घ्या ना, झिजलेला. ४० कोटी पाडलेत, दुधाने त्याचं काही जात नाही. १९११ आणि १८६२ चे मात्र ताटात नको. नंतर कोरडा करून ठेवा, घासायचं नाही. आणि ठेवायला मऊ पीव्हीसीची पाकिटं घेऊ नका, त्याने हिरवा चिकट थर येतो, कडक प्लास्टिकच्या डब्या मिळतात त्या घ्या.

वाईची_नीता
आईला वाचून दाखवलं. ती म्हणते १९१८ चा नको, कडीवाला घेऊ, त्याला तसंही कोणी घेणार नाही ना, आणि तो आजीने अंगावर घातलाय. तर तो देव्हाऱ्यात गेला. उरलेल्या ४१ साठी डब्या मागवते, मोठा रुपया किती मिलिमीटरचा धरायचा? ३० की ३१?

कलदार
३१ च्या घ्या. फारसीवाला जाड आहे, त्याला खोल डबी लागेल.